बागेतले कुंपणाचे जुने खांब कसे काढावेत? इंदूरच्या काळ्या मातीतले नेहमीचे प्रश्न

सुदामानगरातल्या आमच्या प्लॉटभोवती वडिलांनी १९८६ साली कुंपण घातलं. पैसे येतील तसे खांब आले, त्यामुळे तेवीस खांबांत चार जाती निघाल्या: अकरा सिमेंटचे, सात लोखंडी अँगलचे, चार लाकडी आणि एक दगडी पट्टी. पक्की भिंत झाल्यावर हे सगळे बागेच्या आत उभे राहिले, ना कामाचे ना शोभेचे. दोन हिवाळ्यांत मी ते काढले. तेव्हापासून लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, रामबागेतली ओळखीची माणसं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

खांब काढायलाच हवेत का?

दर वेळी नाही. खांब आंब्याच्या किंवा पेरूच्या खोडापासून दोन-तीन फुटांत असेल, भिंतीच्या पायाला टेकून असेल किंवा त्याच्या बुडाशी पाण्याची लाइन जात असेल, तर तो मुळासकट उपटण्याचा हट्ट सोडा. भोवती नऊ इंच खोल खणा, जमिनीखाली सहा इंचांवर खांब कापा आणि वर माती ओढा. गवत, तुळस, झेंडू यांना तेवढी माती बऱ्यापैकी पुरते. आमच्याकडे तेवीसपैकी तीन बुडखे अजून जमिनीत आहेत. त्यांची जागा मी भिंतीवर रंगाने खूण करून ठेवली आहे, म्हणजे पुढे कोणी टिकाव मारला तर झिणझिण्या येणार नाहीत.

लाकडी बुडखा मात्र जमिनीत ठेवू नये. वाळवीला ते आयतं जेवण, आणि ते संपलं की तिची नजर घराच्या चौकटींकडे वळते.

हा खांब माझा की शेजाऱ्याचा?

पहार उचलण्याआधी हे ठरवा. भिंत बांधताना बहुतेक जण दोन-चार इंच आत सरकतात, आणि जुना खांब हीच खऱ्या हद्दीची एकमेव खूण उरते. शेजारच्या काकांना बोलावून, दोघांनी मिळून टेप लावून, फोटो काढून मग कामाला लागा. दोन ओळींचा कागद करून दोघांच्या सह्या घेतल्या तर आणखी चांगलं. चहा आपल्याकडे असावा, बोलणं सोपं जातं.

वस्तीबाहेर, महू किंवा देपालपूरच्या बाजूला शेतीची जमीन असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथला एखादा रोवलेला दगड कुंपणाचा नसून मोजणीचा असू शकतो. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये सीमांकनाची तरतूद कलम १२९ मध्ये आहे आणि हद्दीची खूण हलवणं किंवा मोडणं हा दंडपात्र प्रकार आहे. शंका वाटली तर पटवाऱ्याला दाखवल्याशिवाय दगडाला हात लावू नका.

कोणत्या महिन्यात काढावेत?

सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते इथेच, कारण ताकदीचा अर्धा प्रश्न कॅलेंडरच सोडवतं.

इंदूर माळव्याच्या पठारावर, बेसॉल्टच्या काळ्या खडकावर वसलं आहे. त्या खडकाची झीज होऊन ही काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की त्याचे थर फुगतात, वाळलं की आक्रसतात. म्हणून मे महिन्यात अंगणाला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये तीच माती चपलेला किलोकिलोने चिकटते. 'मालव धरती गहन गंभीर' ही ओळ आपण लहानपणापासून ऐकतो. ती किती गहन आहे ते खांब उपटायला गेल्यावर कळतं.

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, फुगलेली माती खांबाला चारी बाजूंनी आवळून धरते. शिवाय तळाशी हवा शिरत नाही, त्यामुळे खांब वर ओढला की खाली पोकळी होते आणि ती त्याला परत खेचते. चिखलात रुतलेली चप्पल निघत नाही, तसंच. एप्रिल-मेमध्ये उलट. माती खांबापासून सुटलेली दिसते, बोटभर फट असते, पण ती वीटभट्टीतल्या विटेसारखी कडक असते आणि टिकाव मारला की ठिणगी तेवढी उडते.

मधला काळ तो खरा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती, म्हणजे माती हातात दाबली की गोळा होतो आणि टोचलं की भुगा होतो. इंदुरात साधारण दसऱ्यानंतर ती येते आणि पाणी घालत राहिलं तर संक्रांतीपर्यंत टिकवता येते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की समजावं, यंदाचा मोका गेला.

पण मला उन्हाळ्यातच काढायचे आहेत, सुट्टी तेव्हाच आहे. मग?

मग भेगांचा फायदा घ्या. झाडाला करतो तसं खांबाभोवती फूटभर रुंदीचं आळं करा. संध्याकाळी दोन बादल्या पाणी सोडा. कोरडी काळी माती ते घटाघटा पिते, भेगांतून पाणी थेट खाली उतरतं. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक बादली घाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर हात घाला. घाईने पाणी ओतून तासाभरात खणायला गेलात तर वर चिखल आणि खाली दगड, दोन्हीचा त्रास एकदम.

कोणती हत्यारं लागतील?

पाच फुटी पहार, टिकाव, फावडं, घमेलं, चार-पाच किलोचा घण, छिन्नी, मोठी पक्कड, सात-आठ फूट साखळी, एक गाडीचा जॅक आणि फळीचे दोन-तीन जाड तुकडे. जाड हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. हे शेवटचे दोन लोक यादीतून वगळतात आणि नंतर आठवतात.

सियागंजाच्या बाजारात सगळं मिळतं. फक्त तिथे 'पहार' मागितली तर दुकानदार डोंगर शोधू लागेल, सब्बल म्हणा. टिकावाला गेंती, घमेल्याला तगारी. आपल्या घरात एक नाव, बाजारात दुसरं, हे इंदूरकर मराठी माणसाला नवीन नाही.

तार आधी काढायची की खांब?

तार. ताणलेली काटेरी तार कधीही मध्येच कापू नका, ती सापासारखी उलटून येते. आधी टोकाच्या खांबाजवळचा पीळ किंवा ताणणी सैल करा. ते गंजून बसलं असेल तर दुसऱ्या माणसाने कापायच्या जागेच्या पलीकडे पकडीने तार घट्ट धरावी आणि मग कापा. प्रत्येक खांबावरचं बंधन सोडत, तार तीन-चार फुटांच्या तुकड्यांत कापत पुढे जा. जुन्या गंजक्या तारेचं सुबक वेटोळं करण्याचा नाद सोडावा, ती मोडते आणि हाताला लागते.

तारेवर मधुमालती किंवा बोगनवेल चढली असेल तर आधी तिची छाटणी करा आणि दोन दिवस वाळू द्या. पानं गळाली की तार दिसते.

ओरखडा आला आणि धनुर्वाताची मागची सुई होऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.

जमिनीखाली काय आहे हे कसं ओळखायचं?

आठवणीने आणि विचारपूस करून. नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून इंदुरात येतं, आणि जुन्या वसाहतींत घरापर्यंतची लाइन बहुधा कुंपणाच्या कडेकडेनेच टाकलेली असते, फारशी खोलही नसते. मीटर किंवा नळ जिथे आहे तिथून रस्त्याकडे सरळ रेघ मनात ओढा आणि त्या पट्ट्यात टिकाव वापरू नका, खुरप्याने आणि हाताने माती काढा. मी सातव्या खांबाला हा नियम मोडला. पाणी एक दिवसाआड येणारं, त्यातला तो यायचा दिवस. गल्लीभर कारंजं झालं आणि वहिनी आजही त्यावरून टोमणा मारतात.

गॅसची पाइपलाइन असेल तर पाइप बहुधा पिवळा असतो आणि त्याच्या वर धोक्याची पट्टी पुरलेली असते. ती पट्टी दिसली की तिथेच थांबा आणि गॅस कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणखी एक फसवी वस्तू म्हणजे अर्थिंगचा पाइप. भिंतीजवळ जस्त चढवलेला एक पाइप जमिनीतून डोकं वर काढून उभा असतो, कधी त्याला नरसाळं असतं, कधी तार जोडलेली असते. तो कुंपणाचा खांब नाही. त्याच्या भोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं आणि घरातल्या माणसांचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. अशा पाइपाला हलवणंसुद्धा नको.

सिमेंटचा खांब दोघांत निघेल का?

निघतो, पण वजन ओळखून. चार इंच बाय चार इंच आणि सात फूट उंचीचा सिमेंटचा खांब पन्नास किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा. तेवढा दोघांना उचलता येतो. खरा त्रास बुडाशी ओतलेल्या काँक्रीटचा. फूट बाय फूट बाय दीड फुटाचा गोळा एकटाच शंभर किलोच्या घरात जातो. तो खड्ड्यातून उभा वर उचलायचा विचारही करू नका.

माझी पद्धत अशी. खांबाच्या एकाच बाजूला, मोकळ्या अंगाला, गोळ्याच्या तळापर्यंत खणायचं. खड्डा खांबाकडे खोल आणि बाहेरच्या टोकाला उथळ, म्हणजे उतरंड तयार होते. मग समोरच्या बाजूने पहार गोळ्याखाली घालून खांब त्या उतारावर आडवा पाडायचा, फळी टाकायची आणि गोळ्यासकट लोळवत बाहेर काढायचा. उचलायचं काहीच नाही. खांब पडताना मान, पाय आणि कुत्रा, तिन्ही उतरंडीपासून दूर.

गोळा फारच मोठा असेल तर खड्ड्यातच फोडा. घण मध्यभागी मारून उपयोग नाही, नुसता हात थरथरतो. कडेपासून चार बोटं आत, एकाच रेषेत ठोके द्या. लोखंडी अँगल बसवलेल्या गोळ्यात ही रेष बहुधा तयारच मिळते, कारण लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते आणि काँक्रीट आतून तडकतं. त्या तड्यात छिन्नी घातली की काम अर्ध्यावर येतं.

पहार कुठे लावायची? आमची नुसती वाकते.

टेकू लांब ठेवता म्हणून. पाच फुटी पहारेखाली टेकूचा ठोकळा भारापासून सहा इंचांवर ठेवा, म्हणजे तुमच्या बाजूला साडेचार फूट उरतात. नऊपट जोर. चाळीस किलोचा दाब दिला की पलीकडे साडेतीनशे किलोपेक्षा जास्त मिळतं. तोच टेकू दीड फुटावर सरकवला तर जेमतेम सव्वादोनपट. आणि टेकू विटेचा नको, वीट फुटते. बाभळीचा किंवा सागाचा ठोकळा घ्या. त्याच्याखाली फळी टाका, नाहीतर काळ्या मातीत टेकूच बुडतो आणि खांब तिथेच.

जॅकने खांब कसा उपटतात?

गोळा नसलेल्या खांबांसाठी ही उत्तम युक्ती आहे. भोवती फूटभर खणून खांब चारी दिशांना हलवून सैल करा. साखळीचे दोन घट्ट वेढे जमिनीलगत मारून हूक अडकवा. जॅक जाड फळीवर खांबाशेजारी ठेवा आणि साखळीचा फास जॅकच्या डोक्यावर घ्या. जॅक चढेल तसे वेढे आवळतात आणि खांब वर येतो. जॅकची चढण संपली की खाली उतरवा, साखळी खाली सरकवा, पुन्हा चढवा. चार-पाच वेळा केलं की उरलेला हाताने निघतो.

ओल्या मातीत खांब आला आला म्हणता अडकला, तर तळाशी पोकळी झाली आहे. खांबाच्या कडेने सळई खाली घुसवून हलवा. हवा आत शिरल्याचा फस्स आवाज येतो आणि खांब सुटतो. तो आवाज मला अजूनही आवडतो.

साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर तर वापरूच नका, तो ताणतो आणि तुटला की चाबकासारखा येतो.

लाकडी खांब जमिनीलगतच मोडला. खालचा तुकडा कसा काढू?

लाकडी खांब नेमका तिथेच मोडतो. खोल जमिनीत हवा कमी, वर ओल कमी. जमिनीच्या रेषेवर दोन्ही भरपूर, म्हणून बुरशी आणि वाळवी तिथेच कमर खातात. खालचा तुकडा बहुधा धडधाकट असतो.

त्याच्या भोवती दोन्ही बाजूंनी फूटभर खणा. माथ्यात दोन जाड, लांब स्क्रू तिरके आवळा, त्यांना साखळी अडकवा आणि पहारेने वर घ्या. माथा भुसभुशीत असेल तर स्क्रू धरणार नाहीत. अशा वेळी मधोमध पाचर ठोकून तुकडा उभा फाडा आणि फाळक्या एकेक करून ओढा.

खांबाला पालवी फुटली आहे, हे काय?

अभिनंदन, तुमच्याकडे झाड आहे. शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांची फांदी रोवली की मूळ धरते, म्हणून जुन्या लोकांनी जिवंत कुंपणासाठी ती मुद्दाम वापरली. मी तरी असा खांब काढणार नाही. त्याच्यावरच्या खिळे-तारा काढा, खोडात रुतलेली तार ओढू नका, दोन्हीकडून कापून आतली तशीच राहू द्या. काढायचाच असेल तर तो आता खांब नसून झाड आहे हे लक्षात घ्या. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा २००१ चा आहे, महापालिकेची परवानगी आधी घ्या.

दगडी पट्ट्यांचं काय?

त्यांना पहारेने बाजूला ढकलू नका. आपल्याकडची लाल पट्टी वालुकाश्माची असते, विंध्य रांगेतल्या खडकाची. दाबाला ती मजबूत, पण वाकवली की कटकन मोडते. सहा फुटी पट्टी पंचेचाळीस-पन्नास किलोची, मोडली तर पायावर येते. तिच्या चारी बाजूंनी पूर्ण खोलीपर्यंत माती काढा आणि सरळ वर उचला. वेळ जास्त जातो, पण पट्टी अखंड मिळते.

लोखंडी अँगल जमिनीलगत कापून टाकले तर?

जमिनीलगत नको. दोन पावसाळ्यांत माती धुपते, धारदार टोक वर येतं आणि मुलांच्या तळपायाला लागतं. कापायचंच तर सहा इंच खाली.

ग्राइंडर चालवताना तीन गोष्टी पाहा. ओल्या बागेत विजेचं हत्यार ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या स्विचवर, असलेल्या सॉकेटलाच जोडा. जस्त चढवलेल्या पाइपावर गॅसकटर नको. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ग्राइंडरनेही कापाल तर उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून. आणि तिसरी गोष्ट रंगाची. जुन्या अँगलवर खाली जो नारिंगी-लाल थर दिसतो तो पुष्कळदा शेंदूरच, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. गंज थांबवायला पूर्वी तो सर्रास लावत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घासू नका, कापायच्या जागी पाणी मारत हॅक्सॉने कापा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

काढलेलं लाकूड होळीत टाकलं तर चालेल?

साधा बाभूळ-साग असेल तर टाका. हिरवट झाक असलेलं, औषध मुरवलेलं लाकूड मात्र अजिबात जाळू नका. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधलं आणि पुढे जगभर वापरलं गेलं. वाळवी त्याला शिवत नाही, पण जाळलं तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. रेल्वेच्या जुन्या काळ्या स्लीपरचे खांब असतील तर त्यांच्यात क्रिओसोट, म्हणजे डांबरातलं विषारी तेल, मुरलेलं असतं. तेही चुलीत, बंबात किंवा होळीत नको.

बिळात काही निघालं तर?

निघू शकतं. सैल झालेल्या खांबाच्या बुडाशी उंदराचं बीळ, आणि उंदरामागे धामण किंवा नाग. गोळ्याखाली विंचू. वरून उघड्या पाइपात गांधीलमाश्या, म्हणून पाइप हलवण्याआधी काठीने दोनदा वाजवा आणि मागे सरा. बिळात हात घालायचा नाही, पायात बूट हवेतच. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर कापाकापी, आवळपट्टी, मंत्र काही नको. अंग स्थिर ठेवून सरळ एमवाय रुग्णालय गाठा.

मजूर लावावे का, आणि बोली कशी करावी?

पाचापेक्षा जास्त खांब असतील तर लावा. दर खांबामागे ठोक बोली केली की माणूस घाई करतो, खांब जमिनीलगत मोडतो आणि वर माती ओढून 'निघाला' म्हणतो. मी रोजीवर बोलावतो, सकाळी पोहे-जिलबी आपल्याकडून, आणि एक अट आधीच स्पष्ट करतो: बुडखा काढून बाहेर दाखवायचा. ठोकच ठरवायची असेल तर पैसे बुडखा मोजून द्या.

जेसीबी बोलावण्याचा मोह होतो. आमच्या ओळखीत एकाने बोलावला. त्याने चार खांब दहा मिनिटांत उपटले, पाचव्याबरोबर नवीन भिंतीचा सहा फुटांचा तुकडा आला. मोकळ्या प्लॉटवर ठीक, लावलेल्या बागेत नाही.

मलबा कुठे टाकायचा?

रस्त्याकडेला नाही. २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिलं आल्यापासून या शहरात कोपऱ्यावर ढीग टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले, आणि ते बरंच झालं. सकाळची कचरागाडी काँक्रीट घेत नाही. महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर मलबा उचलण्याची मागणी नोंदवता येते. बांधकामाच्या कचऱ्याची प्रक्रिया देवगुराडियाला होते. पोत्यांत भरून ठेवलात तर उचलणाऱ्यांना सोपं जातं, पण पोतं अर्ध्याहून जास्त भरू नका.

लोखंड अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला. घरच्या काट्यावर आधी वजन करा, किंवा हिशेब असा: ४० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला ३ किलो, ५० मिलिमीटरचा ६ जाडीचा साडेचार किलो. आमचे सात अँगल दोन-दोन मीटरचे, म्हणजे बेचाळीस किलो. अटालेवाल्याचा काटा चौतीस सांगत होता. हिशेब दाखवल्यावर काटा सुधारला.

खड्डा कसा भरावा?

सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. एकदम भरला तर पहिल्या पावसात बशी होते. शेवटी दोन-तीन इंच उंचवटा राहू द्या, तो आपोआप बसतो. वर फरशी किंवा वाट करायची असेल तर खाली मुरूम भरा, काळी माती नको, ती फरशी उचलते.

झाड लावायचं असेल तर काँक्रीटचे आणि चुन्याचे तुकडे वेचून काढा. आपली माती आधीच अल्कधर्मी, त्यात सिमेंटचा चुना मिसळला की झाडाला लोह मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि आपण उगाच खतं घालत बसतो.

खड्डा रात्रभर उघडा ठेवू नका. ठेवावाच लागला तर वर फळी आणि फळीवर दगड.

एका दिवसात किती खांब होतात?

दोन माणसं, वाफसा असलेली माती: गोळ्याशिवायचे सहा-सात, गोळ्यासकट तीन. चौथा संध्याकाळी काढायला जाऊ नका, कंबर त्याच खांबाला धरते.

निघालेले चांगले खांब पुन्हा वापरता येतील?

सिमेंटचे खांब आडवे टाकून आम्ही कुंड्यांची मांडणी केली. आठ त्यात गेले, बाकीचे तीन मोडले होते. अँगलच्या दोन तुकड्यांवर कारल्याचा मांडव आहे. दगडी पट्टी अखंड निघाली, ती परसातल्या नळाखाली टाकली. आई तिच्यावर चादरी धुते आणि म्हणते, चाळीस वर्षं उगाच उभी करून ठेवली होती.